हा अंगठा कोणाचा?



2025 च्या डिसेंबरात ठाण्यातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. सहावीच्या एका मुलाच्या टेबलावर मिग-21 या लढाऊ विमानाची प्रतिकृती होती. विषय ताजा होता. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला हे विमान आपल्या हवाई दलातून निवृत्त झाले होते. शिवाय नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-21 बांधली जात, त्यामुळे ते आपल्याला थोडे घरचे विमान वाटते. प्रतिकृती 1:32 या प्रमाणातली, म्हणजे मूळ विमानाच्या पंखांचा 7.15 मीटरचा विस्तार येथे सुमारे 22 सेंटिमीटर झालेला. रंगकाम इतके सफाईदार की आम्ही तिन्ही परीक्षक वाकून पाहत राहिलो.

वाकून पाहिले म्हणूनच एक गोष्ट दिसली. वैमानिकाच्या बैठकीवर पारदर्शक प्लॅस्टिकचे झाकण असते. त्या झाकणाला आतून एक पांढरट ठसा उमटलेला होता. अंगठ्याचा. रेषा न् रेषा मोजता यावी इतका स्पष्ट.

हा ठसा कसा उमटतो ते सांगतो. ज्याला आपण सगळे फेव्हिक्विक म्हणतो, त्या झटपट चिकटणाऱ्या गोंदात सायनोॲक्रिलेट नावाचा पदार्थ असतो. त्याची थोडी वाफ होते. आपल्या बोटांच्या रेषांवर घाम, मीठ आणि तेल असते. बोट लागले की ते पृष्ठभागावर चिकटून राहते, पण डोळ्यांना दिसत नाही. गोंदाची वाफ त्या जागी पोचली की तिचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पांढरा थर बसतो आणि अदृश्य ठसा दृश्य होतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये पोलीस तपासासाठी हीच युक्ती वापरात आली. आज जगभरचे ठसेतज्ज्ञ ती वापरतात. म्हणजे त्या टेबलावर कोणाला नकळत एक गुन्हेशास्त्राचा प्रयोग यशस्वी झाला होता!

मी माझा अंगठा त्या ठशाजवळ धरून पाहिला. ठसा माझ्याएवढाच होता. समोरच्या मुलाचा अंगठा त्याच्या पाऊणही नसेल. मी विचारले, ‘‘हा पांढरा डाग कसा पडला रे?’’ मुलाने मागे पाहिले. मागून उत्तर आले, ‘‘सर, तो कंपनीतूनच तसा आलाय.’’

त्या प्रतिकृतीला पहिले बक्षीस मिळाले. गुणपत्रकावर माझीही सही आहे. पुढचे जे काही लिहिणार आहे ते त्या सहीमुळे.

आता माझ्या घराजवळची गोष्ट. मी बाळकुमला राहतो. ठाण्याच्या खाडीकडेचे हे जुने गाव आता उंच इमारतींच्या गर्दीत शोधावे लागते. एके काळी येथे ‘कलर-केम’चा रंगद्रव्यांचा कारखाना होता, आता तोही नाही. पण रंगाशी बाळकुमचे नाते अगदीच तुटलेले नाही, कारण माझ्या शेजारी एक गृहस्थ राहतात, ते माजिवड्याच्या एका गॅरेजात गाड्या रंगवण्याचे काम करतात. त्यांची मुलगी आठवीत आहे. त्याच वर्षीच्या जुलैत तिने मिग-21 चेच एक छोटे किट आणले, 1:72 प्रमाणाचे, पंखांचा विस्तार जेमतेम दहा सेंटिमीटर. ‘‘काका, तुम्ही फिजिक्सचे ना? मग सांगा, आधी रंगवू की आधी जोडू?’’

खरे सांगायचे तर मला ते ठाऊक नव्हते. पण ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची सवय प्राध्यापकांना कमी. मी म्हटले, ‘‘भाग धुऊन घे, वाळव आणि आजच फवारा मारून टाक. हे स्प्रेचे रंग दहा मिनिटांत वाळतात.’’ पहिला अर्धा सल्ला बरोबर होता. साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ आणि आपल्या बोटांचे तेल साबणाच्या पाण्याने निघून जाते. ते राहिले तर पाण्यात मिसळणारा रंग त्या जागी पसरतच नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. दुसरा अर्धा सल्ला चुकला. तासाभराने मुलगी पंख घेऊन आली, त्यावर पिठी साखर भुरभुरावी तसा पांढरा पापुद्रा आलेला. बाहेर पाऊस कोसळत होता.

संध्याकाळी तिचे वडील आले. पंखाकडे एकदाच पाहून म्हणाले, ‘‘सर, पावसात असा फवारा मारायचा नसतो. पांढरं पडतं. आम्ही गॅरेजमध्ये थांबतो, नाहीतर सावकाश वाळणारं थिनर घालतो.’’

हे त्यांना अनुभवाने माहीत होते. मला सिद्धांत माहीत होता, पण वेळेवर आठवला नाही! माठातले पाणी गार का होते हे आपण सातवी-आठवीत शिकतो: बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता पाण्यातूनच घेतली जाते. फवाऱ्यातील द्रावकही झपाट्याने उडतो आणि रंगाचा पृष्ठभाग थंड करतो. आता हिशेब पाहा. हवेचे तापमान 28 अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू सुमारे 26 अंशांवर येतो. म्हणजे ओला रंग अवघा दोन अंशांनी थंड झाला की त्यावर दव पडणार. तेच तापमान जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी असेल आणि आर्द्रता 45 टक्के असेल, तर दवबिंदू 15 अंशांवर जातो. तेव्हा तेरा अंशांची सवड मिळते. दवाचे सूक्ष्म थेंब ओल्या थरात शिरले की राळ नीट बसत नाही, आत असंख्य बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्या प्रकाश सगळीकडे विखुरतात. साबण कोणत्याही रंगाचा असला तरी फेस पांढरा दिसतो, त्याचेच हे भावंड.

त्या दिवशी एका पंखाने मला, त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना तासभर बसवून ठेवले. आर्द्रता म्हणजे काय, दवबिंदू कसा काढतात, मोटारीचा रंग दुकानात का वाळत नाही, भट्टी का लागते, असे एकातून एक निघत गेले. शाळेच्या तासाला मी हे विषय अनेकदा शिकवले असतील, पण इतके कान टवकारून कोणी ऐकल्याचे स्मरत नाही. आता मला सांगा, तिच्या वडिलांनी तो पंख आधीच गॅरेजात नेऊन चकचकीत रंगवून आणला असता तर? विमान सुंदर झाले असते. तास मात्र झाला नसता.

पालकांनी मदत करूच नये असे माझे म्हणणे नाही, हे यावरून लक्षात येईल. या गृहस्थांनी केलेली मदत मला आदर्श वाटते. त्यांनी सांगितले, कुंचला हातात घेतला नाही.

रंगाच्या थराला आपल्याकडे ‘हात’ म्हणतात. एक हात दिला, दोन हात दिले. शब्द मोठा नेमका आहे. या ‘हाता’चे गणित प्रतिकृतीत फार कडक असते. समजा, एका हाताची जाडी 40 मायक्रॉन आहे, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याच्या आसपास. घाईघाईने कोणी तीन हात दिले तर 120 मायक्रॉन. किरकोळ वाटते ना? याला 72 ने गुणा: 8.6 मिलिमीटर! खऱ्या विमानावर बोटाच्या जाडीएवढा रंग थापल्यासारखे ते झाले. खऱ्या विमानावर रंगाचा थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, आणि तोही जड वाटतो म्हणून अभियंते तक्रार करतात. अमेरिकेच्या अंतराळ शटलची इंधनाची मोठी टाकी 1981 मधील पहिल्या दोन उड्डाणांच्या वेळी पांढरी रंगवलेली होती. पुढे तो रंग द्यायचे बंद केले आणि सुमारे 270 किलोग्रॅम वजन वाचले. नंतरच्या छायाचित्रांत ती टाकी तांबूस नारिंगी दिसते, तो तिच्या उष्णतारोधक फेसाचा मूळ रंग. आपल्या पहिल्या मिग-21 सुद्धा चकचकीत धातूच्या रंगातच होत्या. 1971 च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर हिरव्या-तपकिरी छटा चढल्या. त्यामुळे ‘मिगचा खरा रंग कोणता?’ या प्रश्नाला ‘कोणत्या वर्षीचा?’ असा उलट प्रश्न विचारावा लागतो. प्रदर्शनात तो कोणी विचारत नाही.

काही छंदी मंडळी म्हणतात, प्रतिकृतीचा रंग मूळ रंगापेक्षा फिकट असावा, कारण दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट दिसतात. येथे मला थोडी शंका आहे. 1:72 ची प्रतिकृती 30 सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान साडेएकवीस मीटरवरून पाहणे. तुमची सायकल साडेएकवीस मीटरवर उभी करा आणि ती फिकी दिसते का पाहा. येऊरचे डोंगर बाळकुमहून निळसर दिसतात हे खरे, पण ते काही साडेएकवीस मीटरवर नाहीत!

रंगाइतकेच महत्त्वाचे म्हणजे वस्तू धरायची कशी. मिगच्या नाकावर एक लांब, सुईसारखी दांडी असते, तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब आणि भोवतालच्या हवेचा स्थिर दाब यांतल्या फरकावरून विमानाचा वेग कळतो. त्यांपैकी पहिला दाब ही नळी घेते. प्रतिकृतीत ही दांडी टाचणीएवढी. आमच्या मुलीने ती सगळ्यात आधी बसवली, कारण तीच सगळ्यात ऐटदार दिसत होती. मग बाही लागून मोडली, पुसताना मोडली आणि तिसऱ्यांदा आजीने टेबल आवरताना मोडली. चौथी दांडी तिने स्वतः तयार केली. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत असतात त्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करायचा आणि दोन्ही बाजूंनी सावकाश ओढायचा. (वडील शेजारी बसले होते. तुम्हीही मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हे करू नका.) तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरवर आला की त्याची लांबी किती पट होईल? घनफळ तेवढेच, जाडी सहावा भाग, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ छत्तिसावा भाग, आणि लांबी 36 पट. एक सेंटिमीटर प्लॅस्टिकची 36 सेंटिमीटर तार! ही दांडी आता सर्वांत शेवटी बसवली. तोपर्यंत विमान एका आइस्क्रीमच्या काडीवर रोवलेले होते, म्हणजे रंगवताना त्याला बोट लावण्याची गरजच नव्हती. आणि पारदर्शक झाकण तिने साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवले. तो पाण्याचा गोंद. त्याला काच धुरकटवणारी वाफ नाही.

बोट कोठे लावायचे आणि कोठे नाही, हे खेळण्यांपुरते नाही. हॅलोजन दिव्याच्या काचेला हात लागला तर तेथील मीठ आणि तेल त्या भयंकर उष्णतेत काचेला इजा करते आणि दिवा लवकर जातो. मोटारीचा दिवा बदलणारा शहाणा माणूस तो कापडाने धरतो. खऱ्या विमानाच्या पंखावर ‘येथे पाय ठेवू नये’ अशा सूचना रंगवलेल्या असतात.

आणि एक घटना सांगतो, ती थोडी गंभीर आहे. 2 ऑक्टोबर 1996 च्या रात्री एरोपेरू कंपनीचे बोइंग 757 विमान पेरू देशातील लिमा येथून चिलीतील सँटियागोकडे निघाले. हवेचा स्थिर दाब घेणारी छिद्रे विमानाच्या अंगावर असतात. विमान धुऊन पॉलिश करताना त्यांत पाणी जाऊ नये म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावली होती. काम झाल्यावर ती काढायची राहिली. तपासणाऱ्यांच्याही नजरेतून सुटली. विमान उडाले आणि उंची व वेग दाखवणारे काटे चुकीचे बोलू लागले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, आणि वैमानिकांना आपण किती उंचीवर आहोत ते कळेना. विमान समुद्रात कोसळले, 70 माणसे गेली.

मित्रहो, प्रतिकृती रंगवताना आपणही पट्टी लावतो. एक रंग दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून झाकतो, मग सोलून काढतो. किती पट्ट्या लावल्या, किती काढल्या, हे मोजण्याची सवय ज्याच्या हाताला लागली, तो उद्या कोणत्याही कारखान्यात, दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत गेला तरी ती सवय बरोबर नेतो. ती दुसऱ्याच्या हाताने लागत नाही. पहिल्या बक्षिसाच्या मुलाचे नुकसान येथे झाले, आणि ते आम्ही परीक्षकांनी केले. त्याच्या वडिलांना मी फारसा दोष देत नाही. त्यांनी पाहिले की बक्षीस सफाईला मिळते, म्हणून त्यांनी सफाई आणली. बाजारात तयार ‘वर्किंग मॉडेल’ विकत मिळतात तीही याच कारणाने. गिऱ्हाईक आम्ही तयार केले आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. प्रदर्शनात प्रतिकृतीशेजारी तिचे बिघडलेले भाग मांडायला सांगा. पांढरा पडलेला पंख, मोडलेल्या तीन दांड्या, सुरकुतलेला रंग. त्यांच्याजवळ तारखांची वही ठेवा. परीक्षकाने आधी बिघाड पाहावा, मग विमान. ‘हे असे का झाले?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. ज्याने केले आहे तो पाच मिनिटे बोलेल, थांबवावे लागेल. ज्याने केलेले नाही तो मागे वळून पाहील. यावर एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला की दोन तासांत चाळीस प्रतिकृती पाहायच्या असतात, एवढा वेळ आणायचा कोठून? माझे उत्तर असे की मग वीसच ठेवा. चाळीस टेबले पाहुण्यांच्या फोटोसाठी लागतात, विज्ञानासाठी नव्हे.

किट परवडत नाही हाही प्रश्न खरा आहे. पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, जुनी वर्तमानपत्रे यांचेही विमान होते, आणि रंगाचे व गोंदाचे धडे तेच मिळतात. थर्मोकोल मात्र फवाऱ्याने रंगवायला जाऊ नका. तेही पॉलिस्टायरीनच, फक्त फुगवलेले. फवाऱ्यातील द्रावक त्याला डोळ्यांदेखत खाऊन टाकतो. एका तुकड्यावर हे मुद्दाम करून पाहायला हरकत नाही, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस, निरांजन, उदबत्ती यांपासून दूर. थिनरची वाफ पेट घेते आणि डोकेही दुखवते.

किट, फवारा काहीच नसेल तरी एक प्रयोग आज संध्याकाळी करता येईल. प्लॅस्टिकचे दोन पांढरे चमचे घ्या. दोन्ही साबणाने धुऊन, न पुसता उभे करून वाळवा. एका चमच्यावर, केसांतून फिरवलेला अंगठा घट्ट दाबा. दुसऱ्याला हात लावू नका, दांड्याला धरा. आता दोन्हींवर जलरंगाचा एक पातळ हात द्या, पाणी थोडे जास्तच घाला, आणि भिंगातून पाहा. कोणत्या चमच्यावर रंग कोठे मागे सरतो त्याचे चित्र वहीत काढा. तारीख लिहा, त्या दिवशीची आर्द्रता लिहा. अंगठा कोणाचा तेही लिहा.